पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गिअर फसतो: स्टिअरिंग-गिअरच्या जुन्या पिकअपचा परत परत येणारा बिघाड

सिग्नल सुटतो, गाडी पहिल्यात उचलते, दांडी दुसऱ्याकडे नेता नेता मध्येच अडकते. दुसरा लागत नाही, पहिला परत येत नाही, न्यूट्रलही सापडत नाही. मग खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे, स्टिअरिंग कॉलमच्या पायथ्याशी असलेले दोन लिव्हर हाताने एका रेषेत आणायचे आणि पुन्हा चढून गाडी काढायची. मिस्त्री रॉडची लांबी दोन-चार आटे इकडे-तिकडे करून देतो. काही दिवस बरे जातात. नंतर नागपूरच्या व्हरायटी चौकात ऐन संध्याकाळी परत तेच.

तीन गिअरची, दांडी स्टिअरिंगवर असलेली जुनी अमेरिकन पिकअप ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा त्रास नवा नाही. आमच्याकडची शेवरोले १९५७ सालची, लेफ्ट-हँड, सहा सिलिंडरच्या २३५ घनइंची इंजिनाची आहे. काटोलकडून संत्र्याचे क्रेट घेऊन ती अजून कळमन्याच्या बाजारात येते, त्यामुळे तिचा गिअर सुरळीत चालणे ही आमची रोजची गरज आहे. पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः अशाच गाडीला धरून आहे, पण डॉज, फार्गो, फोर्डवाल्यांनाही त्यातले बरेच लागू पडेल.

सुरुवातीलाच सांगून टाकतो: रॉडची लांबी जुळवणे हे या दुरुस्तीतले शेवटचे काम आहे. आपल्याकडे ते पहिले आणि बहुतेक वेळा एकमेव काम म्हणून केले जाते. बिघाड परत परत येतो तो याच कारणाने.

गिअर फसतो म्हणजे नेमके काय होते

ही दांडी काही पिकअपसाठी जन्मली नाही. १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन मोटारींत गिअरची दांडी जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या कॉलमवर नेली, कारण समोरच्या अखंड बाकावर मधल्या माणसाला पाय ठेवायला जागा हवी होती. शेवरोलेच्या हलक्या पिकअपवर ती १९४८ मध्ये आली. गिअरबॉक्स मात्र होता तिथेच, केबिनच्या तळाखाली राहिला. मधले अंतर जोडायला ट्यूब, लिव्हर, रॉड आणि पिनांची साखळी आली. तिलाच लिंकेज म्हणतात, आणि सगळी दुखणी तिच्यातच आहेत.

कॉलमच्या आत स्टिअरिंगच्या शाफ्टभोवती एक पोकळ शिफ्ट-ट्यूब असते. दांडी आपल्याकडे ओढली की आतली यंत्रणा कॉलमच्या पायथ्याशी असलेले एक छोटे बोट एका लिव्हरच्या खाचेत घालते. दांडी पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर ढकलली की तेच बोट दुसऱ्या लिव्हरच्या खाचेत जाते. मग दांडी वर-खाली केली की ट्यूब फिरते आणि बोट ज्या खाचेत असेल तो लिव्हर फिरतो. लेफ्ट-हँड गाडीत आपल्याकडे ओढून वर म्हणजे रिव्हर्स, ओढून खाली म्हणजे पहिला. पुढे ढकलून वर दुसरा, खाली तिसरा. एक लिव्हर आणि त्याचा रॉड पहिला-रिव्हर्स सांभाळतो, दुसरा दुसरा-तिसरा सांभाळतो.

आता पहिल्यातून दुसऱ्यात जायचे, तर बोटाला एका खाचेतून निघून दुसऱ्या खाचेत शिरायचे असते. हे फक्त तेव्हाच होते, जेव्हा दोन्ही लिव्हर न्यूट्रलला असतात आणि दोन्ही खाचा अगदी समोरासमोर येतात. एक खाच जरी दोन-तीन मिलिमीटर खाली राहिली, तरी बोट तिच्या काठावर अडते. घाईत दांडी रेटली की ते अर्धे या खाचेत आणि अर्धे त्या खाचेत जाऊन बसते आणि मग दोन्ही लिव्हर एकमेकांना बांधले जातात. गिअरबॉक्सच्या साइड कव्हरच्या आत इंटरलॉक असतो. एक गिअर थोडाही लागलेला असेल तर तो दुसऱ्या बाजूला हलू देत नाही. म्हणजे वरून दोन्ही लिव्हर एकत्र अडकलेले आणि खालून इंटरलॉकने धरलेले. अशा वेळी दांडीला कितीही जोर लावला तरी काही होत नाही. झाले तर बोट वाकते.

पण खाच खाली का राहते? दांडी पहिल्यातून मधोमध आणली, ट्यूबही मधोमध आली, मग लिव्हर का नाही आला? कारण हालचालीचा एक भाग वाटेतल्या ढिलाईने खाल्ला. रॉडच्या वरच्या टोकाला अर्धा मिलिमीटर, खालच्या टोकाला अर्धा, बोट आणि खाचेच्या मध्ये एक, असे धरले तरी दोन मिलिमीटर झाले. पायथ्याचा लिव्हर दोन इंचांचा आणि दांडी दहा इंचांची असेल तर तेच दांडीच्या टोकाला एक सेंटिमीटर होतात. दांडी न्यूट्रलला आणि गिअरबॉक्स अजून थोडा पहिल्यात, अशी ती स्थिती.

नुसता रॉड जुळवून हे का सुटत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. पहिल्यातून परत येताना ढिल एका बाजूला खेचली जाते, रिव्हर्समधून परत येताना दुसऱ्या बाजूला. मिस्त्रीने रॉड थोडा आखूड केला की पहिला-दुसरा गुळगुळीत होतो, कारण त्या बाजूची ढिल भरून निघाली. पण रिव्हर्समधून दुसऱ्यात जाताना तीच चूक आता दुप्पट होऊन उभी राहते. ते जुळवायला गेले की पहिला बिघडतो. साखळीत प्ले, म्हणजे ही ढिल, आहे तोवर दोन्हींना मानवेल अशी लांबी मुळात अस्तित्वातच नाही.

पद्मिनीची सवय इथे चालत नाही

नागपुरात हँड-गिअर, म्हणजे स्टिअरिंगवरच्या दांडीचा गिअर, ओळखणारे जुने मिस्त्री अजून आहेत. त्यांचा हात पद्मिनीवर आणि अँबेसेडरवर बसलेला आहे, आणि तो हात मोलाचा आहे. फक्त एक फरक त्यांना आधी दाखवून द्यावा लागतो. पद्मिनीला चार पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स, म्हणजे गिअरबॉक्समध्ये तीन जोड्या (पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि एकटा रिव्हर्स). दोन रॉडना तीन जोड्या वाटून घेता येत नाहीत. म्हणून तिथे एक रॉड जोडी निवडतो आणि दुसरा तिला ढकलतो. आमच्या तीन-गिअरच्या शेवरोलेत जोड्या दोनच, आणि प्रत्येक रॉडकडे आपली एक जोडी. पद्मिनीत निवडीचा रॉड वेगळा जुळवता येतो. इथे निवड करणारे बोट कॉलममध्येच आहे आणि दोन्ही रॉडचे न्यूट्रल एकमेकांशी जुळले नाही तर तेच अडकते.

सगळ्या तीन-गिअरच्या गाड्या आमच्यासारख्याच असतात असेही नाही. काही जुन्या मॉडेलांत तीन गिअर असूनही एक रॉड निवडणारा आणि एक ढकलणारा अशी रचना येते. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीखाली जाऊन पाहा. दुसरा माणूस केबिनमध्ये बसवा, इंजिन बंद ठेवा आणि त्याला एकेक गिअर टाकायला सांगा. पहिला-रिव्हर्स टाकताना एकच रॉड आणि दुसरा-तिसरा टाकताना दुसराच रॉड हलत असेल, तर तुमची रचना आमच्यासारखी. प्रत्येक गिअरला एक ठरावीक रॉड हलतोच आणि दुसरा फक्त दांडी ओढता-ढकलताना हलतो, तर ती निवडीची रचना. आणखी एक गोष्ट राइट-हँडवाल्यांसाठी: कॉलम एका बाजूला आणि गिअरबॉक्सचे लिव्हर दुसऱ्या बाजूला असतील, तर मध्ये एक आडवा शाफ्ट येतो. त्याचे बुश (पिन किंवा शाफ्ट ज्यात फिरतो ती बांगडी) म्हणजे ढिलाईची आणखी दोन ठिकाणे. ती तपासताना विसरू नका.

आधी शोध, मग पाना

हे सगळे काम, जिथे इंजिन चालू लागते त्या परीक्षा सोडून, इंजिन बंद ठेवून, चारही चाकांखाली ठोकळे लावून करायचे. गिअर न्यूट्रलला असताना गाडी सपाट वाटणाऱ्या जागीही घरंगळते. खाली जायचे तर घोडीवर घेऊन, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

पहिली परीक्षा क्लचची, कारण अर्ध्या वेळेला लिंकेजवर आळ येतो आणि दोष क्लचचा निघतो. इंजिन बंद असताना चारही जागा सहज लागतात आणि चालू केल्यावर खरखर होते, दांडी शिरत नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही आहे. पेडलचा फ्री-प्ले (क्लचवर ताण येण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल) आधी बघा. या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर लागण्याआधी वेग जुळवून देणारी यंत्रणा) नसतो, त्यामुळे गाडी चालत असताना पहिला टाकला तर खरखर येणारच, तो बिघाड नाही. इंजिन बंद असतानाही दांडी अडत असेल तरच पुढे वाचा.

दुसरी परीक्षा गिअरबॉक्सची. दोन्ही रॉड गिअरबॉक्सच्या लिव्हरवरून सोडा आणि ते लिव्हर हाताने हलवा. प्रत्येकाला तीन जागा हव्यात आणि प्रत्येक जागी आत गोळी बसल्याचा ठळक ठोका हाताला जाणवायला हवा. मधला ठोका म्हणजे न्यूट्रल. ठोके मऊ असतील, जागा कळतच नसेल, तर साइड कव्हरमधल्या गोळ्या-स्प्रिंगा किंवा फोर्क (आतले गिअर सरकवणारे काटे) झिजले आहेत आणि वरचे लिंकेज सोन्याचे केले तरी उपयोग नाही. ठोके चांगले असतील तर गिअरबॉक्सला हात लावू नका. ही एक परीक्षा फार खर्च वाचवते. लिंकेजच्या दुखण्यापायी नुसत्या संशयावर गिअरबॉक्स उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

मग रॉड परत जोडा आणि प्ले शोधायला बसा. हे काम दोघांचे आहे. एकाने दांडी हळूहळू हलवायची, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवून बघायचे. या बाजूचा तुकडा हलला आणि त्या बाजूचा हलायला उशीर झाला, की तिथे ढिल आहे. वरून खाली जा: दांडीची आडवी पिन, ट्यूबचा वरचा बुश, कॉलम डॅशबोर्डला धरणारा क्लॅम्प, ट्यूबचा खालचा बुश, बोट आणि खाचा, रॉडची वरची टोके, रॉडची खालची टोके, गिअरबॉक्सच्या लिव्हरचे नट. खडूने खूण करत गेलात तर बरे. एकच मोठा दोष सहसा सापडत नाही. सात-आठ ठिकाणी थोडा थोडा सापडतो, आणि म्हणूनच तो इतकी वर्षे कोणाच्या नजरेत भरलेला नसतो.

एका गोष्टीकडे जवळजवळ कोणी बघत नाही आणि पिकअपमध्ये ती फार महत्त्वाची आहे. कॉलम केबिनला बांधलेला आहे. गिअरबॉक्स इंजिनासोबत चासीवर रबराच्या फाउंडेशनवर बसला आहे. केबिनही चासीवर आपल्या वेगळ्या रबरांवर बसली आहे. म्हणजे लिंकेजचे एक टोक केबिनसोबत हलते आणि दुसरे इंजिनासोबत. मधली रबरे बसली, फाटली, किंवा कोणी त्यांच्या जागी टायरचे तुकडे घातले, की दोन टोकांमधले अंतर प्रत्येक खड्ड्यात बदलते. गाडी रिकामी असताना गिअर नीट आणि माल भरला की फसतो, उभ्या गाडीत नीट आणि चढावर फसतो, तिसरा आपोआप सटकतो, अशी लक्षणे असतील तर सांध्यांइतकेच लक्ष या रबरांकडे द्या. बॉनेट उघडे ठेवा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा, आजूबाजूला आणि समोर कोणी उभे नाही हे बघा आणि इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून क्लच किंचित सोडा आणि इंजिनावर ताण येऊ द्या. इंजिन एका बाजूने बोटभर उचलले जात असेल तर फाउंडेशन गेले आहे. आमच्या गाडीत रिव्हर्सचा अर्धा त्रास केबिनच्या डाव्या पुढच्या रबराचा होता, लिंकेजचा नव्हता.

प्ले काढणे

सगळ्यात जास्त झिजणारी जागा म्हणजे ते बोट आणि त्याच्या दोन खाचा. खाचेच्या कडा गोल होतात, बोटाचे कोपरे जातात. कॉलमचा खालचा भाग सोडून लिव्हर काढून घ्या, टेबलावर ठेवा आणि खाचेत बोट घालून बघा. व्हर्नियर असेल तर उत्तम. खाचेची रुंदी मापताना तोंडाशी नाही, आत मापा, कारण तिथे मूळ माप बहुधा शिल्लक असते. तेच माप तुमचे लक्ष्य. झिजलेल्या कडेवर वेल्डिंगचा भराव द्यायचा आणि कानशीने मूळ मापाला आणायचा. पितळी वेल्डिंगही चालते, घासायला सोपे जाते, पण दोन-तीन वर्षांत पुन्हा झिजते. मी लोखंडी भरावच पसंत करतो. वेल्डिंग नेहमी भाग काढून, गाडीपासून दूर करायचे. कॉलमवर बसवलेल्या अवस्थेत करू नका. शेजारी वायरिंग आहे, पेट्रोलची नळी आहे आणि ट्यूबचा बुश उष्णतेने जातो. कानस मारताना मात्र घाई करू नका. खाचेच्या तोंडाशी अगदी बारीक उतार ठेवला तर बोट आत शिरायला सोपे जाते, पण उतार जास्त झाला की आपणच पुन्हा ढिल तयार केली.

रॉडच्या टोकांना मूळचे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बुश असतात. नागपुरात त्यांचे आयुष्य थोडे. शेवरोलेच्या सहा-सिलिंडर इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड डाव्या बाजूला आहे. लेफ्ट-हँड गाडीत लिंकेजही त्याच बाजूने उतरते. त्यात आपला मे महिना, पारा ४५ च्या पुढे, नवतपा. रबर कडक होऊन तडकते आणि गळून पडते. मग लोखंडाची पिन लोखंडाच्या भोकात घासते आणि भोक लांबोळके होते. अशा भोकात नवा बुश घालून उपयोग नाही, तो वळवळत राहतो. आधी भोक मोठे करून गोल करून घ्या किंवा भरून पुन्हा पाडा, मग त्या मापाचा बुश लेथवर काढून घ्या. अमेरिकेतून तयार संच मागवता येतो, पण हिंगण्याच्या एखाद्या लेथवर हे काम होऊ शकते. इतवारीच्या लोहा ओळीत गोल बार, पत्रा, पट्टी सगळे सापडते.

बुश कशाचा करायचा यावर मतभेद आहेत. माझे मत असे. गनमेटल टिकते, पण प्रत्येक सांधा धातूचा केला की इंजिनाची थरथर दांडीपर्यंत चढते आणि केबिनमध्ये सतत किणकिण ऐकू येते. नायलॉन आवाज खातो, स्वस्त आहे, लेथवर सहज उतरतो. पण साधा नायलॉन हवेतला ओलावा शोषतो आणि फुगतो. मे महिन्यात घट्ट बसवलेला बुश जुलैत पिनेला पकडतो आणि दांडी जड होते. पावसाळ्यात गिअर जड आणि दिवाळीनंतर हलका, असे कोणी सांगितले तर मी आधी नायलॉनचे बुश आहेत का ते विचारतो. डेल्रिन नावाचे कडक प्लॅस्टिक मिळाले तर तेच घ्या, ते पाण्याने फारसे फुगत नाही. आम्ही गिअरबॉक्सकडच्या टोकांना डेल्रिन आणि वरच्या, मॅनिफोल्डजवळच्या टोकांना गनमेटल असे केले आहे आणि ही जोडी मला पटली आहे.

पिना नव्या करताना बुशइतकीच काळजी घ्या. खिळा कापून केलेली पिन चालेल असे वाटते, पण मऊ लोखंडाची पिन एका मोसमात खाच पडून बसते. जुन्या चांगल्या बोल्टचा आटे नसलेला भाग घेऊन त्याची पिन करा. वॉशर आणि कॉटर पिन प्रत्येक सांध्याला हवीच, तारेचा वेढा नको.

शिफ्ट-ट्यूबचा उभा प्ले वेगळा तपासावा लागतो. दांडी न्यूट्रलला धरून कॉलमच्या दिशेने वर-खाली ओढा. ट्यूब ठळकपणे सरकत असेल, तर बोट आपल्या खाचेच्या पातळीवर राहत नाही. कधी खाली लोंबते, कधी वर चढते. बहुतेक कॉलममध्ये पायथ्याशी हा प्ले काढायची काही तरी सोय असते, कॉलर किंवा वॉशर. ट्यूब सहज फिरेल पण सरकणार नाही एवढेच घट्ट करायचे. वरची दांडीची पिन बदलणे सोपे काम आहे आणि दांडीच्या टोकाचा लटलटपणा त्याने लगेच जातो. मात्र तेवढ्याने गिअर फसणे थांबणार नाही.

जुने ग्रीस रॉकेल किंवा डिझेलने पूर्ण धुवा. साठ वर्षांचे ग्रीस मेणासारखे कडक झालेले असते, त्यात शहरातली धूळ मिसळलेली. नंतर लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरे. जास्त लावले तर उन्हाळ्यात ओघळते आणि त्यावर पुन्हा धूळ बसते.

पान्यांबद्दल एक सूचना. या गाडीचे नट-बोल्ट इंची आहेत. ९/१६ इंचाचा नट १४.३ मिलिमीटरचा असतो. १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा बसतो पण कोपरे खातो. १/२ इंचाला १३ चा पाना लावूनही तेच होते. इंची पान्यांचा एक सेट घेऊन ठेवा, गाडीच्या वयाच्या नटांना तेवढा मान द्यायलाच हवा.

आता रॉड जुळवायचे

प्ले गेला असेल तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. दोन्ही रॉडवरचे स्विव्हल (रॉडची लांबी ठरवणारा फिरता सांधा) किंवा लॉकनट ढिले करा. गिअरबॉक्सचे दोन्ही लिव्हर हाताने मधल्या ठोक्यावर आणा. ठोका बोटांना कळेपर्यंत पुढे-मागे करून खात्री करा, डोळ्यांवर विसंबू नका. मग कॉलमच्या पायथ्याशी दोन्ही लिव्हर एका रेषेत आणा. काही गाड्यांत दोन्ही लिव्हरमध्ये आणि ब्रॅकेटमध्ये कारखान्यातूनच जुळवणीचे भोक असते. त्यातून ३/१६ ते १/४ इंचाची, म्हणजे साधारण पावणेपाच ते सव्वासहा मिलिमीटरची पिन आरपार जायला हवी. ड्रिल-बिटची मागची सळई यासाठी उत्तम. भोक नसेल तर दोन्ही खाचांमधून एक सरळ पट्टी सारा. ती विनाअडथळा आरपार गेली की खाचा जुळल्या.

पिन जागेवर ठेवूनच स्विव्हल घट्ट करा. इथे घाईत गफलत होते: नट आवळताना रॉड किंचित वळतो आणि गिअरबॉक्सचा लिव्हर ठोक्यावरून सरकतो. एका हाताने लिव्हर धरा, दुसऱ्याने आवळा. नंतर पिन काढा आणि चारही जागा इंजिन बंद ठेवून लावा. प्रत्येक गिअरमध्ये आधी गिअरबॉक्सचा ठोका जाणवला पाहिजे आणि त्यानंतर दांडीला थोडी जागा उरली पाहिजे. दांडी कॉलमच्या थांब्याला आधी टेकली आणि ठोका नंतर आला, किंवा आलाच नाही, तर गिअर पूर्ण लागत नाही आहे आणि तो भाराखाली सटकेल. दुसऱ्यात दांडी स्टिअरिंगच्या चाकाला घासत नाही ना, तिसऱ्यात गुडघ्याला लागत नाही ना, तेही पाहून घ्या.

आता खरी कसोटी घ्या. पहिला-न्यूट्रल-दुसरा हळू. मग रिव्हर्स-न्यूट्रल-दुसरा हळू. मग दोन्ही वेगाने, न्यूट्रलला न थांबता. दोन्ही दिशांनी बोट न अडता गेले तरच काम झाले. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने अडत असेल, तर प्ले अजून कुठे तरी शिल्लक आहे. रॉडला पुन्हा हात लावण्याचा मोह टाळा आणि सांधे परत तपासा.

वाटेत फसलाच तर

काम व्हायचे आहे तोवर गाडी चालवायची वेळ आली, तर दांडीला जोर लावू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. बॉनेट उघडून कॉलमच्या पायथ्याचे दोन्ही लिव्हर बघा. जो रेषेबाहेर आहे त्याला लांब दांड्याच्या पेचकसाने ढकलून दुसऱ्याच्या बरोबरीला आणा, टक् आवाज होऊन ते सुटतात. मॅनिफोल्ड अगदी शेजारी आणि तापलेला असतो, उघडा हात खाली घालू नका. जाड कापड गाडीत ठेवा. लिव्हर हलतच नसेल तर गिअर भाराखाली अडकला आहे. एकाने केबिनमध्ये बसून हँडब्रेक सोडावा आणि क्लच दाबून धरावा, इतरांनी गाडी हाताने वीतभर पुढे-मागे करावी, म्हणजे तो मोकळा होतो. परत लिव्हरला हात लावण्याआधी हँडब्रेक ओढायला विसरू नका.

आमचा टर्नर, ज्याला सगळे दादा म्हणतात, पहिल्यांदा तो लिव्हर हातात घेऊन म्हणाला, "काहून भाऊ, एवढे वर्ष रॉडच फिरवून राहिले होते का सगळे? खाच तर पार गोल होऊन बसली." त्याच्या त्या एका नजरेतून आमचे निम्मे काम मार्गी लागले. चांगला टर्नर शोधा, त्याला भाग नुसता देऊ नका, गाडीवर नेऊन तो भाग काय करतो ते दाखवा.

काम झाल्यावर गाडी भरून चालवा, रिकामी नव्हे. सेमिनरी हिल्सच्या चढावर दुसऱ्यात ताण द्या, उतारावर तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडून इंजिन-ब्रेकिंगवर येऊ द्या. नवे बुश काही दिवसांत बसतात आणि स्विव्हलचे नट किंचित ढिले होतात, म्हणून शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा पिन घालून जुळणी पडताळा. तेवढ्या एका वेळी रॉडला हात लावायला हरकत नाही. गिअरबॉक्समध्ये एपीआय जीएल-४ दर्जाचे ९० नंबरचे तेल ठेवा. जीएल-५ चे काही तेल सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाही. डिसेंबरच्या थंड सकाळी पहिले काही गिअर जड जाणे हे त्या जाड तेलाचे असते, लिंकेजचे नाही.

हे सगळे करूनही तिसरा उतारावर सटकत असेल आणि रॉड सोडून पाहिल्यावर तिसऱ्याचा ठोका दुसऱ्याच्या ठोक्यापेक्षा मऊ लागत असेल, तर साइड कव्हर उघडायची वेळ आली आहे. तेल काढा, गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवा, कव्हर सरळ बाहेर ओढा आणि गोळी-स्प्रिंग खाली पडू नयेत म्हणून हाताखाली एक ताट धरा. स्प्रिंगांची लांबी एकमेकींशी ताडून पाहा, फोर्कची टोके बोटाने चाचपा आणि कव्हर परत बसवताना प्रत्येक फोर्क आपल्या खोबणीत गेला आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही बोल्ट आवळू नका.